टायगरच्या तीन डब्यांचा पंच

तिन्ही डबे कुंदाताईच्या दिवाणावर मांडले होते. एका बाजूले ताई, दुसऱ्या बाजूले त्याईचा भाचा समीरसाहेब, अन् मधात मी, चहाचा कप धरून. कपाले माह्या बोटाचं ग्रीस लागलं होतं, ते अंगठ्यानं झाकून राह्यलो होतो.

"राठोडभाऊ, तुम्ही निवडा," समीरसाहेब म्हणे. "यातला बेस्ट किट कोणता?"

"हो, राठोडच निवडेल," ताई म्हणे. "त्याला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तो कोणाच्याच बाजूचा नाही."

चार लोकाईत माही इतकी तारीफ आजपर्यंत कोणं केली नव्हती.

मी दलपत राठोड. वणीहून राजूरकडे जाताना रोडच्या कडेले माहं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. डेंटिंग म्हंजे ठोकून सरळ करणं, अन् पेंटिंग म्हंजे ठोकलं होतं हे दिसू न देणं. कोळशाचे टिप्पर हेच माहं गिऱ्हाईक. मूळ गाव फुलसावंगीकडचा आमचा तांडा. शाळेत मी गेलतो, पण शाळेचं अन् माहं जमलं नाही. आकडे वाचता येते, सही करता येते, नंबर प्लेट रंगवता येते. एकदा एका टिप्परले पुढून एक नंबर टाकला अन् मागून बाजूच्या गाडीचा. पोलिसानं ड्रायव्हरले थांबवून विचारलं, "तुही गाडी कुठं संपते अन् दुसरी कुठं सुरू होते?" तवापासून ड्रायव्हर लोक माह्याकडून प्लेट रंगवून घेतली का दोन्ही बाजूनं फिरून पाह्यते.

कुंदाताई मोजणी ऑफिसात नकाशे काढत. रिटायर झाल्या, लग्न केलं नाही, वणीत स्वतःचं घर आहे. घरात काचेची कपाटं, अन् कपाटात देव नाही, भांडे नाही, टँक. रणगाडे. प्लॅस्टिकचे, हातानं बनवलेले. याचा डबा येते, त्याले किट म्हणते. डब्यात तुकडे राह्यते, ते चिकटवून टँक कराचा. तो पस्तिसाव्या हिश्शाचा राह्यते. म्हंजे खरा टँक पस्तीस हात लांब असन, तं हा एक हात. ताईले हे नवीन नव्हतं. पुरा तालुका त्याईनं कागदावर बसोला होता, टँकाची काय गोठ.

त्या पहिल्यांदा गॅरेजवर आल्या तवा स्कुटीवर आल्या होत्या, खांद्याच्या थैलीत टँक. माह्याकडे पेनाएवढी बारीक स्प्रे गन आहे, तिले एअरब्रश म्हणते. तिनं मी टिप्परच्या नाकावर डोळे काढतो, अन् तान्ह्या पोळ्याले पोराईच्या लाकडी नंदीचे.

ताई म्हणे, "या टँकवर मला कोळशाची धूळ पाहिजे."

मी म्हणलं, "ताई, लोक माह्याकडे धूळ काढाले येते."

"म्हणूनच तुला माहीत असणार ती कुठं बसते."

मी धूळ मारली. मग खूश होऊन म्हणलं, वरून क्लिअर कोट मारून देऊ का, काचेसारखा चमकन. ताईनं असं पाह्यलं, जसं का मी त्याईच्या टँकले आरसे अन् गोंडे लावतो म्हणलं. खरं सांगाचं तं गोंडेही मी काढून ठेवलेच होते.

ताईच्या कपाटात जर्मन टँक भलकसे. पण एकही चालू नाही. कोणाचा पट्टा तुटलेला, कोणी चिखलात फसलेला, कोणी जळालेला. मी विचारलं, "हे सगळे ब्रेकडाऊनच काहून?"

"चालवणारे लोक वाईट होते, राठोड. मशीन बघण्यासारखी होती. म्हणून मशीन बनवते, आणि चालू देत नाही."

मले ते पटलं. फक्त गॅरेजवाला म्हणून जीव तुटे. इतक्या गाड्या बंद अन् एकही गिऱ्हाईक नाही.

मागच्या वर्षी ताईले पॅरालिसिसचा झटका आला. वाचल्या, बोलणंही साफ राह्यलं, पण उजव्या हाताचा जोर गेला. मग एक दिवस बाथरूममंधी पडल्या. शेजारच्या काकू दूध द्याले आल्या तवा कुठं समजलं. नागपूरहून समीरसाहेब धावत आले. माणूस चांगला आहे. लहानपणी सुट्ट्याईत ह्याच घरात राहून ताईजवळ टँक बनवाले शिकले. पण ते घाबरले होते, अन् घाबरलेला माणूस पहिले सामान मोजते.

"आत्या, आता पुरे. घर विकू, माझ्या फ्लॅटवर चल."

"तुझ्या फ्लॅटात माझी कपाटं कुठं बसतील?"

"कपाटं कशाला पाहिजेत आता? तुझा हात तर..."

तो 'तर' समीरसाहेबाले महाग पडला. ताई म्हणे, "एक टायगर या हातानं बांधून दाखवते. रंग राठोड मारेल, बाकी सगळं मी. बांधला तर मी इथंच राहीन आणि तू हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर सामान बांधते."

"पोळ्याला येतो मी," समीरसाहेब म्हणे. "तोपर्यंत वेळ."

टायगर हा जर्मन लोकाईचा लढाईतला सगळ्यात नावाजलेला टँक. आमच्या वणीकडे टायगर निघाला म्हणलं का लोक दारं लावून घेते, अन् ह्या दोघाईनं तो डब्यात मागोला. समीरसाहेबानं तीन कंपन्याईचे तीन डबे आणले. कोणता घ्याचा यावर भांडण. ताईनं सोपा घेतला असता तं भाचा म्हणला असता लबाडी. भाच्यानं अवघड देला असता तं आत्या म्हणली असती डाव. म्हणून पंच मी.

पहिला डबा जुन्या पद्धतीचा. तुकडे कमी, पट्टा रबराचा, चढवला का झाला. दुसऱ्याच्या अंगावर बारीक बारीक रेघा होत्या. तिसरा भलकसा मोठा. त्यात आतलं इंजिन, गिअर, सीटा, गोळे, सगळं. पट्ट्याची एक एक कडी वेगळी. समीरसाहेब मोबाईलवर वाचून सांगे, "नेटवर हाच बेस्ट म्हणतात. पण एक्स्पर्टसाठी."

मी म्हणलं, "गाडी पाह्यल्याबिगर मी सांगत नसतो. डबे गॅरेजवर नेतो."

मनातलं सांगतो. मी तवाच ठरोलं होतं का सोपावाला डबा द्याचा. ताई नागपूरले गेल्या असत्या तं मले वणीत "राठोड, तू गाढव आहेस" असं साफ मराठीत सांगणारं कोणी राह्यलं नसतं. घरचे सांगते, पण आमच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत.

पण पंच म्हणलं का काहीतरी तपासल्यासारखं दाखवा लागते. गॅरेजवर बोनेटवर तिन्ही डबे उघडले. रहमतचाचा आले. चाचा राजूरच्या खाणीवर टिप्पर चालवते, तंबाखूचा खर्रा तोंडात असला का दुनियेतल्या सगळ्या गाड्याईचे जाणकार.

"ये क्या है बे?"

"जर्मनीचा टँक. कोणता चांगला ते पाह्याचं आहे."

चाचानं चित्र पाह्यलं. टायगरची चाकं एकामागं एक नसते, एकावर एक चढलेली राह्यते, बोटात बोटं फसोल्यासारखी. "चाक के ऊपर चाक? कीचड फसेगा तो अंदर का चाक कौन निकालेगा? तेरा बाप?"

"चाचा, ते जर्मन लोकाईले विचारा."

"तो फिर हारे होंगे." चाचा थुंकले अन् गेले. पुढं ताईले ही गोठ सांगतली तं ताई म्हणे, खरंच तिथं चिखल बसायचा अन् थंडीत गोठायचा. मी चाचाले हे सांगतलं नाही. ते आधीच मले रिव्हर्स घेणं शिकवते.

मग मी दुसरा डबा घेतला, रेघावाला. आता नीट ऐका. गाडी ठोकून सरळ केली का तिच्यावर आम्ही पुट्टी लावतो, म्हंजे खड्डे बुजवाचा लेप. पुट्टी सुकली का पाण्यानं पेपर माराचा, म्हंजे घासून गुळगुळीत कराचं. ह्या टँकच्या अंगावर पुट्टी लावून तशीच सोडल्यासारख्या रेघा. मी म्हणलं, कोणत्या आळशी माणसाचं काम आहे हे, पेपरच मारला नाही! माह्या गॅरेजमधून अशी गाडी गेली असती तं मालकानं मले डिक्कीत टाकून नेलं असतं. मी पाणी-पेपर घेतला अन् एक बाजू हातासरशी घासून देली. आरशासारखी. कंपनीची चूक मी सुधारली, फुकटात.

मग तिसरा. आमच्या धंद्याचा एक कायदा आहे, खोलल्याबिगर अंदाज नाही. मोठ्या कामाची गाडी आली का पहिले पुरी खोलाची, एक एक पार्ट धुवाचा, सारख्याले सारखा लावून ट्रेमंधी ठेवाचा. मंगच बोलाचं. किटमंधी पार्ट सुटे नसते. प्लॅस्टिकची जाळी राह्यते, तिले फ्रेम म्हणतो मी, अन् तिले पार्ट लटकले राह्यते, पऱ्हाटीले बोंडं लटकते तसे. मी कटर घेतलं अन् पुरी वेचणी करून टाकली. साबणाच्या पाण्यात धुतलं. गोल पार्ट एका डब्यात, चपटे दुसऱ्यात, लांब तिसऱ्यात, अन् जे कायचे ते समजलं नाही ते चौथ्यात. चौथा सगळ्यात भरला.

माही बायको सेवंती गॅरेजवर डबा घेऊन आली, तिनं विचारलं, "अन् ह्या जाळ्याईचं काय?"

"भंगार."

भंगारवाल्यानं त्या बदल्यात प्लॅस्टिकचा मग देला. आम्ही दोघंही खूश. सौदा चांगला वाटला.

दुसऱ्या दिवशी ताईकडे गेलो, छाती काढून. तिसऱ्या किटच्या पार्टाईचे चारही डबे एका रांगेत मांडले. ताईनं पहिला उघडला, दुसरा उघडला. चौथा उघडून त्यात बोट फिरवलं.

"फ्रेम कुठं आहेत?"

"भंगारात देल्या, ताई. कचरा झाला नसता घरात."

"राठोड, पार्टचा नंबर फ्रेमवर असतो. पार्टवर नसतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, अमुक नंबर तमुक नंबरला जोडा. आता या ढिगातला अमुक कोणता?"

मी डब्यात पाह्यलं. सगळे अमुकच दिसत होते.

"आणि हे?" त्याईनं दुसऱ्या किटचा मोठा तुकडा उचलला. अर्धा रेघावाला होता, अर्धा माहा.

"कंपनीनं पेपर मारला नव्हता, म्हणून..."

"तो लेप मुद्दाम असतो. शत्रूचा लोहचुंबकाचा बॉम्ब चिकटू नये म्हणून टँकला तसा खडबडीत लेप द्यायचे. तू घासून काढलास."

"म्हंजे आता बॉम्ब चिकटन?"

ताई हसल्या नाही. मीही मग कप शोधाले लागलो, कुठंतरी पाह्याले पाहिजे म्हणून.

समीरसाहेबाले व्हिडिओ कॉल लावला. त्याईनं पहिले मले पाह्यलं, मग डबे पाह्यले, मग खूप हसले. मग हसणं थांबलं.

"जाऊ दे आत्या. तो साधा किट आहे ना, तोच कर. मला चालेल."

"तुला चालेल?" ताई म्हणे. "मला सूट देतोस?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मला हाच पाहिजे. सुटा झालेला."

"नंबर नाहीत, आत्या. माझ्यानंही होणार नाही."

"तुझ्यानं होणार नाही म्हणून तर लावते."

मी मधात पडलो. "ताई, पाया पडतो, साधा घ्या. पंच म्हणून सांगतो."

"पंचानं केव्हाच निवडलंय. तीनमधला एक घासलास, एक कापलास. एकाला हातही लावला नाहीस. ज्याच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतलीस तो तुझा बेस्ट." अन् फोनकडे पाहून म्हणे, "पोळ्याला ये." फोन बंद.

मी दारात उभा होतो. ताईचं घर जाणार, अन् ते मी साबणानं धुऊन, चार डब्यात भरून आणून देलं होतं. घरी आलो तं सेवंती त्या मगानं आंघोळीचं पाणी घेत होती. मी म्हणलं, "तो मग माह्यासमोर आणू नको."

तवापासून दर रविवारी गॅरेज बंद ठेवून मी ताईकडे. चिकटवाचं काम ताईचं. माहं काम शोधाचं, तेही त्याईनं दाखवलेलं. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून त्या सांगे, "गोल, मधे खाच, कडेला दोन खिळे." मी चौथ्या डब्यात हात घाली.

"हे काय आणलंस?"

"खाच आहे ना."

"दोन्ही बाजूंनी आहे."

"मंग तं आणखी चांगलं."

"राठोड, तू एकेकाळी इंजिन जोडत होतास?"

"जोडत होतो. म्हणूनच पेंटिंगकडे आलो."

उजव्या हाताले ताई पेपरवेट म्हणे. तो कागदावर, पार्टावर नुसता ठेवाचा, अन् डाव्यानं गम लावून पार्ट बसवाचा. डाव्याले सवय नव्हती. चिमटा सुटे, पार्ट उडे, मी पलंगाखाली. पलंगाखालची मले इतकी माहिती झाली का तिथली जाळी कोणत्या कोळ्याची ते मी सांगू शकत होतो. एक बारीक चाक तं मोरीतच गेलं, माह्याच हातून. मी मान खाली घालून सांगतलं. ताई म्हणे, "ठीक. हा टायगर तेवढ्यासाठीच बंद पडला होता."

सगळ्यात वाईट तो पट्टा. एक एक कडी जोडत जाची. एका रविवारी पुरी बाजू झाली, ताईनं उचलली, अन् मधातून तुटून कड्या मांडीवर, सतरंजीवर, चहात. ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"चहातल्या काढ. पुन्हा."

आतलं इंजिन लावून राह्यल्या होत्या तवा मी विचारलं, "ताई, वरून झाकण लागल्यावर हे दिसणार कोणाले?"

"मला माहीत असेल ना."

"हा कायदा मी गॅरेजवर लावला तं आम्हाले उपाशी मरा लागन."

त्याच दिवशी मी मनातली गोठ काढली. "ताई, मी तो शहाणपणा केला नसता, पार्ट कापले नसते, तं तुमचं काम किती लवकर झालं असतं."

ताईनं टेबलावरचं कटर डाव्या हातात घेतलं. त्याले आत स्प्रिंग राह्यते, बोटानं दाबा लागते. ताईनं दाबलं. ते अर्धं मिटलं अन् हातातून पडलं. उजव्या हातात घेतलं तं तेवढंही नाही.

"किट यायच्या आधीच करून पाहिलं होतं," ताई म्हणे. "एकही पार्ट मला कापता आला नसता. तिन्ही किटमधला एकही."

मी म्हणलं, "मंग पैज कायले लावली?"

"तो माझ्यासमोर माझी कपाटं मोजत होता, राठोड."

मी कटर उचललं अन् खिशात घातलं. पण माह्या डोक्यात एक खिळा बसला. ठरलं होतं, रंग सोडून सगळं ताईनं कराचं. पार्ट कापणं रंगात येत नाही. अन् पंच मी होतो.

पोळ्याच्या दिवशी समीरसाहेब आले. बाहेर बैलाईच्या घंट्या, शिंगाले बेगड, पोट्टे ओरडून राह्यले. आत दिवाणावर टायगर. पिवळट रंग, वरून मी राजूरची खरी धूळ चाळून मारली होती. एक चाक गायब, एका बाजूचा पट्टा सैल पडलेला. बंद पडलेली गाडी कशी दिसते हे तं मले कोणी शिकवाची गरज नव्हती.

समीरसाहेब खाली बसले. वरचं झाकण उघडं ठेवलं होतं, त्यातून मोबाईलच्या बॅटरीनं आत पाह्यलं. गोळे, सीटा, गिअर. खूप वेळ पाह्यलं.

"आत्या, हे तू नंबर नसताना..."

"काही उरलेत," ताईनं चौथा डबा पुढं सरकोला. "राठोड म्हणतो त्याच्याकडे प्रत्येक गाडीचे उरतात."

"उरते," मी म्हणलं. "तरी चालते गाडी."

समीरसाहेब हसले. मग माह्याकडे वळले. "बोला पंच. रंग सोडून सगळं आत्यानं केलं?"

मी 'हाव' म्हणाले तोंड उघडलं. पण खोटं बोललो का माहे कान लाल होते. ते आत्ताच गरम होऊन राह्यले होते. आयुष्यभर गाड्याईचे रंग लपवले, अन् स्वतःचे कान नाही लपवता आले.

"पार्ट मी कापले," मी म्हणलं. "चुकीनं कापले. पण ताईच्या हातानं कटर दाबतच नाही. म्हंजे मी नसते कापले तरी त्याईच्यानं ते झालं नसतं."

ताई माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या. मी छतावरच्या पंख्याकडे.

"म्हणजे?" समीरसाहेब म्हणे.

"म्हंजे पंच म्हणून, ताई हरल्या."

बाहेर कोणाचा तरी बैल हंबरला. मले वाटलं, उठावं अन् त्याच्यासंगं जावं.

"बरोबर निकाल आहे," ताई म्हणे. "हरले मी."

समीरसाहेब हळूच म्हणे, "मग आत्या, सामान कधी बांधायचं?"

"कोणतं सामान?"

"आत्या, ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी मोडते. मी पैज हरले, समीर. घर नाही हरले."

"असं कसं गं?"

"असंच. लोकांच्या जमिनींचे नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली. कोणाची हद्द कुठं संपते ते मला समजतं. तुझी काळजी तुझ्या हद्दीत. हे घर माझ्या."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

ताईनं डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणे, "तर पडेन. तुझ्या फ्लॅटातही पडेन. तुझ्या बाथरूमच्या टाईल्स जास्त गुळगुळीत आहेत. राठोडनं पेपर मारल्यासारख्या."

समीरसाहेब टँकाच्या बाजूले बसले, उघड्या झाकणातून पुन्हा आत पाह्यलं. मग मले म्हणे, "राठोडभाऊ, बाथरूममध्ये धरायला पाईप बसवून देता?"

तो निकाल. पाईप मी दुसऱ्याच दिवशी बसोला, भिंतीत मजबूत. फक्त मापाले मीच उभा राह्यलो होतो. ताईनं धरून पाह्यला तं हात वर, टाच वर. म्हणे, "राठोड, मला इथं एसटीतून उभ्यानं नेरला जायचं नाहीये, आंघोळ करायची आहे." तोडून पुन्हा खाली बसोला. समीरसाहेब रोज सकाळी फोन करते. ताई कधी उचलते, कधी मुद्दाम उशिरा उचलते.

आता गॅरेजवर कोणी मोबाईल घेऊन येते, म्हणते, राठोड, तू टँकवाला ना, टायगरचा कोणता किट घेऊ? मी सांगतो, अंगावर रेघा असल्या तं पेपर मारू नको. फ्रेम भंगारात देऊ नको, मग कितीही चांगला असो. अन् पंच मले करू नको. मी आजही तोच निकाल देईन, अन् ताई आजही तो मानणार नाही, अन् दोघाईचंही बरोबरच राहीन.

राह्यला तो साधा डबा. ताईनं तो मले देला, म्हणे बनव, सोपा आहे. मी लागलो आहे. रबराचा पट्टा बसला, चाकं उलटी बसली, अन् तोफ झाडताना कुठं गेली ते सेवंतीले विचारा लागन. पण एक गोठ मले पक्की समजली. सगळ्यात सोपा किट तोच, जो दुसऱ्याले बनवाचा असते.